समास

आधी ती पुळी होती.
अप्पा बळवंत चौकात, दुकानाच्या पोटमाळ्यावरून
गाइडांचा गठ्ठा उतरवताना
पुठ्ठ्याचा कोपरा नडगीला लागला, एवढंच.
मी थुंकी लावली नि पुढचा फर्मा शिवायला घेतला.

चौथ्या दिवशी पुळी फुटली,
आठव्या दिवशी रुपयाएवढी,
मग रुपयाचे हिशेब संपले.

‘साखर,’ पहिले डॉक्टर म्हणाले. साखर नव्हती.
‘शिरा फुगल्यात,’ दुसरे. दिवसभर उभ्याने काम, मला पटलं.
तिसऱ्यांना वाटलं, कोळी चावला असेल.
मेहुणीने नागीण म्हणून गेरू लावला.
आणि क्षयाची गोष्ट निघाली तेव्हा
मुलीने माझा पेला वेगळा ठेवला,
न बोलता, विळीच्या मागे.

प्रत्येक नाव थोडं थोडं बसायचं,
दुसऱ्याच पुस्तकाचं कव्हर बसतं तसं:
वरून नीट,
उघडलं की आत भूगोल.

मग सर्जन. भला माणूस.
‘सडलंय तेवढं काढू.’
काढलं.
आठवड्यात कड पुन्हा जांभळी, आतून पोखरलेली.
‘अजून थोडं काढू.’
असं तीनदा.
जंतू एकही सापडला नाही
आणि जखम तळहाताएवढी,
ठणका असा की पांघरुणाचा स्पर्श सोसवेना.
चौथ्यांदा सहीसाठी कागद आला
त्यात गुडघ्याचा उल्लेख होता.

डॉ. शाहीन बागवान रास्ता पेठेत बसतात.
जिना अरुंद, दोघांनी उचलून नेलं मला.
बाईंनी जखम पाहिली,
मग बराच वेळ पाहिलीच नाही.
‘पोट कसं असतं?’
पाय घेऊन आलेल्याला पोट विचारतायत.
बायको म्हणाली, ‘चार वर्षं रक्त पडतं यांना. मूळव्याध म्हणतात.’
मी तिच्याकडे पाहिलं.
मला वाटायचं, तिला ठाऊक नाही.

मग त्यांनी माझा हात उलटा केला.
जिथे जिथे रक्तासाठी सुई टोचली होती
तिथे एकेक पुळी, पिवळ्या डोळ्याची.
‘ह्या कधीपासून?’
‘त्या… सुईच्याच.’
बाई हसल्या. म्हणजे, हसण्यासारखं काहीतरी.

‘बाहेरचं कुणी नाहीये यात.
तुमचेच राखणदार आहेत,
कुणी आलेलं नसताना घरातली दारं फोडतायत.
कापलं की त्यांना वाटतं, हल्ला झाला.
यापुढे कुणी काही कापायचं नाही.’
कागदावर लिहून दिलं: पायोडर्मा गँगरिनोसम.
‘गँगरीन नुसतं नावात आहे, घाबरू नका.
आणि तुकडा तपासून येईपर्यंत मीही शपथ घेणार नाही.
बाकी सगळं नाही असं ठरलं,
की हे उरतं.’

बत्तीस वर्षं गेली माझी कटिंग मशीनवर.
वडील सांगायचे, कड वाकडी आली तर एकदाच छाट.
सरळ होईना म्हणून छाटत बसलास
तर समास संपेल
आणि पातं मजकुरात शिरेल.
हे मला माहीत होतं.
माझ्या पायाबद्दल कुणी मला विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. तोंड सुजून वाटोळं झालं,
जुनी गिऱ्हाइकं मलाच विचारत, ‘मालक आहेत का?’
तिसऱ्या आठवड्यात कड थांबली.
पुढे जायची थांबली, एवढंच;
पण मी त्या दिवशी दोन चहा सांगितले,
एक स्वतःला, एक उगाच.

आता वण आहे. चाळणीसारखा,
शिवण उसवलेल्या पानावर
सुईच्या भोकांच्या रांगा राहतात तसा.
पोटावरही औषध चालू आहे. रक्त कमी झालंय.
बायको विचारते, मी खरं सांगतो.

पेला मुलीने परत मांडणीत लावला.
कुठला तो, मला ओळखू येतं.
पाणी मागितलं की कधी तोच येतो,
कधी दुसरा.
मी बघत नाही.